कॉन्सुलर खिडकीवरची पहिली नेमणूक

प्रश्न : परराष्ट्र सेवेतलं प्रशिक्षण संपलं आणि पहिल्या नेमणुकीचा आदेश हातात पडला : उपवाणिज्यदूत, म्हणजे व्हाइस कॉन्सुल. मला राजकीय विभाग हवा होता. आता तीन वर्षं व्हिसा, साक्षांकन आणि हरवलेले पासपोर्ट यांतच जाणार असं दिसतंय. बरोबरचे म्हणतात, ‘खिडकीवर बसायचं, शिक्के मारायचे, त्यात शिकायचं काय?’ मला मात्र वेगळीच भीती वाटते. पहिल्याच महिन्यात तुरुंगातून कोणी बोलावलं, किंवा कोणाच्या मृत्यूची बातमी घरी कळवायची वेळ आली, तर नेमकं काय करायचं हे मला ठाऊक नाही. माझ्या सहीला किती वजन असतं, आणि मी चुकले तर काय होतं?
— नाव राखून ठेवलेली एक वाचक

उत्तर : सहीच्या वजनापासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. राजकीय विभागात नवख्या अधिकाऱ्याचं टिपण तीन-चार वरिष्ठांच्या हातांतून जातं आणि बाहेर पडेपर्यंत त्यात तिचं एखादंच वाक्य उरलेलं असतं. कॉन्सुलर विभागात पासपोर्ट, व्हिसाचा नकार, मुखत्यारपत्रावरचं साक्षांकन, मृत्यूची नोंद हे सगळं तुमच्या सहीनं, बहुतेकदा त्याच दिवशी दाराबाहेर जातं. त्या कागदावर विसंबून पुढे कोणी घर विकतं, कोणी सीमा ओलांडतं, कुठे वारसा ठरतो. परराष्ट्र सेवेत इतक्या लवकर इतका थेट अधिकार दुसरीकडे मिळत नाही. त्यामुळे या नेमणुकीला शिक्षा समजू नका.

‘वाणिज्यदूत’ या शब्दातलं वाणिज्य जरा फसवं आहे. व्यापारवाढ हा कामाचा एक भाग खरा, पण १९६३ च्या व्हिएन्ना कॉन्सुलर संबंध कराराच्या पाचव्या कलमात कामांच्या १३ बाबी दिल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच माणसांशी जोडलेल्या आहेत : आपल्या नागरिकांचं हितरक्षण, पासपोर्ट आणि व्हिसा, नोटरीची आणि निबंधकाची कामं, परदेशात मृत्यू झाल्यास वारसांचे हक्क, अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलांची काळजी, जहाजं आणि त्यांवरचे खलाशी. याच करारात कार्यालयप्रमुखांचे चार दर्जे आहेत आणि उपवाणिज्यदूत हा त्यांतला तिसरा. म्हणजे एखाद्या छोट्या कार्यालयाची सगळी जबाबदारीही तुमच्यावर येऊ शकते.

दोन कायदेशीर गोष्टी जाण्याआधी पक्क्या करा. पहिली, तुमची नेमणूक कोणत्या करारातून कळवली गेली आहे. दूतावासाच्या कॉन्सुलर विभागात असाल आणि राजनैतिक कर्मचारी म्हणून कळवलं गेलं असेल, तर १९६१ च्या व्हिएन्ना राजनैतिक संबंध करारातलं व्यापक संरक्षण मिळतं. स्वतंत्र वाणिज्यदूतावासात असाल तर संरक्षण बरंच अरुंद आहे. कामाच्या ओघात केलेल्या कृतीबद्दल तिथल्या न्यायालयात खेचता येत नाही, पण गंभीर गुन्ह्यात न्यायिक आदेशानं अटक होऊ शकते. वाहन अपघातातल्या नुकसानीचा दावा किंवा खासगीरीत्या केलेला करार यांतही ढाल नाही. गाडीचा विमा कमी रकमेचा घेऊ नका. दुसरी गोष्ट ओळखपत्राची. कार्यालयप्रमुखाला यजमान देशाची औपचारिक मान्यता लागते; तुमच्यासारख्यांचं नाव आणि दर्जा फक्त आगाऊ कळवला जातो. ते कळवणं आणि ओळखपत्र हाती येणं यांत आठवडे जातात आणि तेवढ्या काळात तुरुंगाच्या फाटकावर तुम्हाला कोणी ओळखत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी प्रशासन विभागाला विचारा : माझं नाव कोणत्या तारखेला कळवलं, आणि पोच कुठे आहे?

रोजच्या कामात सर्वांत कमी लेखलं जातं ते साक्षांकन, आणि सर्वांत जास्त घोटाळेही तिथेच होतात. तुमचा शिक्का बहुतेक वेळा सही खरी असल्याचं सांगतो, मजकूर खरा असल्याचं नाही. हा फरक खिडकीपलीकडच्या माणसाला तोंडी सांगा आणि साक्षांकनाच्या मजकुरातही लिहा. मुखत्यारपत्र असेल तर माणसानं तुमच्यासमोरच सही करायची. घरून सही करून आणलेला कागद परत द्यायचा. पासपोर्टावरचा फोटो, चेहरा आणि जुनी सही तिन्ही पडताळायची. कोऱ्या जागा रेघ मारून बंद करायच्या. प्रत्येक पानावर सही घ्यायची, पानं शिवून किंवा चिकटवून शिक्का असा मारायचा की तो दोन्ही पानांवर उमटेल. नाहीतर मधलं पान बदलता येतं, आणि बदललं जातं. वयस्क माणूस नातेवाइकांसोबत आला असेल तर नातेवाइकांना बाहेर बसवून त्याला त्याच्या भाषेत विचारा : हा कागद काय करतो? कोणाला कसला अधिकार देताय? ‘मुलगा म्हणाला म्हणून’ एवढंच उत्तर आलं तर सही थांबवा आणि कारण नोंदवहीत लिहा. इथे घालवलेली पाच मिनिटं एखाद्याचं राहतं घर वाचवतात.

प्रतीवर ‘मूळ कागदाबरहुकूम’ असा शेरा मारताना मूळ कागदाची मागची बाजूही बघा, कारण रद्द केल्याची नोंद बहुधा तिथेच असते. आणि शिक्का मारण्याआधी विचारा, हा कागद कोणत्या देशात, कोणत्या कार्यालयात दाखवायचाय? दोन्ही देश ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग अपोस्टिल करारात असतील तर सार्वजनिक कागदपत्रांना वाणिज्यदूतावासाच्या साक्षांकनाची गरजच नसते. जिथे कागद तयार झाला तिथलं अपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरे असल्याचं प्रमाणपत्र, पुरतं. मात्र वाणिज्यदूतानं स्वतः केलेले कागद त्या करारातून वगळलेले आहेत. हे न सांगितल्यामुळे लोक दोन-दोन महिने चुकीच्या रांगांत उभे राहतात.

व्हिसाबद्दल थोडक्यात. गर्दीच्या कार्यालयात मुलाखतीला मिनिटं मोजून मिळतात आणि त्यात कागदांची चळत वाचून होत नाही. आधी माणसाला बोलू द्या : कशासाठी जाताय, किती दिवस, खर्च कोण करणार, परत येऊन काय करणार. मग त्या बोलण्याला कागद जुळतात का एवढंच पाहा. कागद बिनचूक आणि बोलणं पाठ केलेलं असेल तर मधूनच एक साधा, अनपेक्षित तपशील विचारा. कपडे, उच्चार, घाबरलेपणा यांवरून मत बनवू नका. खरे लोकही खिडकीपुढे घाबरतात. नकार दिला तर कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या उत्तरावरून, हे दोन ओळींत लिहा. ‘समाधान झाले नाही’ हा शेरा निरुपयोगी आहे. सहा महिन्यांनी तोच अर्जदार दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे येतो तेव्हा तिला त्यातून काहीच कळत नाही.

हरवलेल्या पासपोर्टाचं काम सोपं वाटतं. पोलिसांची तक्रार, मायदेशातल्या नोंदींवरून ओळख, फोटो, आणि एकेरी प्रवासाचा तातडीचा दाखला. अडतं ते पुढे. पासपोर्टाबरोबर प्रवेशाचा शिक्का आणि व्हिसाही गेलेला असतो, त्यामुळे अनेक देशांत दाखला असूनही स्थानिक इमिग्रेशनची निर्गमन परवानगी लागते. ती न घेता माणूस विमानतळावर गेला की तिकीट बुडतं. वाटेतल्या देशाला हा दाखला चालतो का, हेही आधी तपासा. शक्य तिथे थेट विमानच घ्यायला सांगा. जुना पासपोर्ट यंत्रणेत रद्द केला की त्याची माहिती इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरलेल्या प्रवासी कागदपत्रांच्या यादीत जाऊ शकते. ही यादी २००२ पासून चालू आहे. दोन दिवसांनी हॉटेलच्या उशीखाली पासपोर्ट सापडतो, माणूस खुशीत तोच घेऊन निघतो आणि सीमेवर अडकतो. दाखला देताना हे शब्दांत सांगा आणि समजल्याची सही घ्या.

आता तुरुंग. बातमी पोलिसांकडून येईलच असं नाही. भाऊ फोन करतो, सहकारी करतो, कधी त्याच कोठडीतून सुटलेला दुसरा कैदी करतो. फोनवरच लिहून घ्या : पासपोर्टावर आहे तसं पूर्ण नाव, जन्मतारीख, अटकेची तारीख-वेळ, ठाणं किंवा तुरुंग, आरोप, पुढची न्यायालयाची तारीख, वकील आहे का, रोजचं औषध कोणतं. मग त्याचं नागरिकत्व पडताळा. तो यजमान देशाचाही नागरिक असेल तर ते भेट नाकारू शकतात आणि तुमचा हात तिथे तोकडा पडतो.

१९६३ च्या कॉन्सुलर कराराचं ३६ वं कलम जवळजवळ तोंडपाठ हवं. अटक झालेल्या परदेशी माणसाला, तू तुझ्या वाणिज्यदूतावासाला कळवायला सांगू शकतोस, हे अधिकाऱ्यांनी विनाविलंब सांगायचं. त्यानं मागितलं तर विनाविलंब कळवायचंही. काही द्विपक्षीय करारांत तर त्यानं मागितलं नाही तरी कळवणं बंधनकारक असतं. तुमच्या कार्यालयाला असा करार लागू आहे का, पाहून ठेवा. तुम्हाला त्याला भेटण्याचा, बोलण्याचा, पत्रव्यवहाराचा आणि वकिलाची व्यवस्था करण्याचा हक्क आहे. मात्र त्यानं स्पष्ट नकार दिला तर त्याच्या वतीनं काही करायचं नाही.

भेटीची मागणी फोनवर करून थांबू नका. पत्र द्या, पोच घ्या, पोचवर तारीख आणि वेळ घ्या, आणि उत्तर येईपर्यंत ठरावीक अंतरानं पुन्हा लिहा. पाकिस्तानात अटक झालेले भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १७ जुलै २०१९ ला निकाल दिला तेव्हा अटकेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी कळवणं हे ‘विनाविलंब’ नाही, असं म्हटलं, आणि हेरगिरीचा आरोप आहे म्हणून ३६ वं कलम बाजूला ठेवता येत नाही हेही स्पष्ट केलं. असे निकाल तारखांवर उभे राहतात. पोच नसलेली मागणी पुढे मागणीच ठरत नाही.

जाताना ओळखपत्र, परवानगीचं पत्र, वकिलांची यादी, माहिती कोणाला द्यायची याचा संमतीचा कागद, आणि स्थानिक न्यायप्रक्रियेची एक पानी माहिती त्याच्या भाषेत न्या. फोन फाटकावर जमा होतो, म्हणून वही आणि दोन पेनं. यादीतला एक वकील ‘हा चांगला’ म्हणून सुचवू नका, निवड त्याची.

भेट सुरू झाली की आधी तुम्ही कोण आणि काय करू शकत नाही ते सांगा : मी तुम्हाला सोडवू शकत नाही, जामीन देऊ शकत नाही, कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही. मग काय करू शकते ते : घरी निरोप देईन, वकिलांची यादी देईन, औषध मिळत नसेल तर लिहीन, इतर कैद्यांहून वाईट वागणूक मिळाली तर आवाज उठवीन. हा क्रम कठोर वाटतो, पण उलटा केला तर तो फक्त पहिलं वाक्य ऐकतो आणि महिनाभर सुटकेची वाट पाहतो.

‘तुम्ही हे केलंत का?’ असं कधीही विचारू नका. भेटीच्या खोलीत कोण ऐकतंय हे तुम्हाला माहीत नसतं. कामासंबंधीच्या बाबींवर साक्ष देण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही, पण पहारेकऱ्यानं ऐकलेल्या शब्दांना ते संरक्षण नाही. विचारायचं ते असं : झोपायला जागा आहे का, पाणी, औषध, डॉक्टर? एकट्याला ठेवलंय का? न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही घेतली का? दुभाषा होता का? आणि बघत राहा : चालताना लंगडतोय का, मनगटांवर वळ आहेत का, मागच्या भेटीपेक्षा खंगलाय का. मारहाणीची तक्रार केली तर त्याचेच शब्द लिहा आणि विचारा, ‘हे मी अधिकाऱ्यांपुढे मांडू का?’ तो नाही म्हणाला तर तक्रार मांडू नका, पण वरिष्ठांना कळवा. तुम्ही निघून गेल्यावर त्याला तिथेच राहायचंय. निघताना ‘लवकरच येते’ म्हणू नका. तारीख पाळता येणार असेल तर तारीख सांगा, नाहीतर काहीच नको. अहवाल त्याच दिवशी लिहा. दुसऱ्या दिवशी वळांचा हात डावा होता की उजवा हे आठवत नाही.

मृत्यूची बातमी हे या कामातलं सर्वांत जड ओझं, आणि तुमची भीती रास्त आहे. नियम एकच, त्याला अपवाद करू नका : ओळख पटल्याशिवाय घरी फोन नाही. खिशात सापडलेला पासपोर्ट म्हणजे ओळख नव्हे. अपघातात सामानाची अदलाबदल होते, आणि चुकीच्या घरी गेलेली बातमी परत घेता येत नाही. पोलिसांना विचारा की ओळख कशावरून पटली : परिचितानं पाहून, बोटांच्या ठशांवरून की दातांवरून. मग कायद्यानं जवळचा नातेवाईक कोण ते शोधा. शक्य असेल तर मायदेशातल्या स्थानिक अधिकाऱ्यांनी घरी जाऊन सांगावं. फोनच करावा लागला तर मेसेज नको, आधी प्रश्नही नकोत. समोर कोण आहे याची खात्री करा, बसायला सांगा, स्वतःची ओळख द्या आणि ‘त्यांचा मृत्यू झाला आहे’ हेच शब्द वापरा. ‘प्रकृती गंभीर आहे’, ‘काही झालंय’ असं म्हटलं की माणूस आशेला धरून ठेवतो आणि तुम्हाला ती दुसऱ्यांदा मोडावी लागते. कारण निश्चित नसेल तर अंदाज सांगू नका. अंत्यसंस्काराचा निर्णय त्याच फोनवर मागू नका. तुमचा नंबर द्या, किती वाजता पुन्हा फोन करणार ते सांगा, आणि त्या मिनिटाला फोन करा.

दुसऱ्या फोनवर तीन वाटा समोर ठेवा : इथेच अंत्यसंस्कार, इथे दहन करून अस्थी पाठवणं, किंवा पार्थिव मायदेशी नेणं. प्रत्येकाचा अंदाजे खर्च आणि दिवस सांगा. खर्च बहुधा विमा, मालक किंवा कुटुंबाकडून येतो, म्हणून विम्याचा कागद आधी शोधा. पार्थिव न्यायचं तर साधारणपणे स्थानिक मृत्यूदाखला आणि त्याचं भाषांतर, एम्बामिंगचं (मृतदेह टिकवण्यासाठी केलेल्या रासायनिक प्रक्रियेचं) प्रमाणपत्र, संसर्गजन्य आजार नसल्याचा दाखला, शवपेटी हवाबंद केल्याचं प्रमाणपत्र, अनैसर्गिक मृत्यू असेल तर पोलिसांची परवानगी, रद्द केलेला पासपोर्ट आणि तुमच्या कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो. या सगळ्यांत नावाचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर एकच हवं. रुग्णालयानं आडनाव आधी लिहिलं, पोलिसांनी मधलं नाव गाळलं, की शवपेटी विमानतळाच्या कार्गोत पडून राहते आणि कुटुंब पलीकडे उभं असतं. भाषांतराला देण्याआधी सगळे कागद पासपोर्टाशेजारी ठेवून वाचा.

सामानाची यादी दोन साक्षीदारांसमोर करा. ‘सोन्याची अंगठी’ लिहू नका, ‘पिवळ्या धातूची अंगठी’ लिहा. धातू पारखणं तुमचं काम नाही, आणि पुढे अंगठी सोन्याची निघाली नाही तर जाब तुम्हाला द्यावा लागेल. रोख रक्कम नोटांच्या किमतीनुसार मोजून लिहा. फोन चालू करून पाहू नका. बंद पाकिटावर तिघांच्या सह्या.

आपत्कालीन फोन आठवडाभर तुमच्याकडे असेल तेव्हा पहिले दोन प्रश्न ठरलेले ठेवा : आत्ता जिवाला धोका आहे का, आणि तुम्ही नेमके कुठे आहात? फोन मध्येच तुटतो, म्हणून परत फोन करायचा नंबर त्यापाठोपाठ. मुलांच्या ताब्याचे वाद आले तर एक पालक ‘दुसऱ्याला माहीत आहे’ म्हणतो एवढ्यावर अज्ञान मुलाचा पासपोर्ट देऊ नका. दोघांची संमती किंवा न्यायालयाचा आदेश, यांपैकी एक कागदावर हवं.

कोऱ्या पासपोर्ट पुस्तिका, व्हिसाचे स्टिकर आणि रोख शुल्क हे तुमच्या नावावर असतं. सकाळी-संध्याकाळी क्रमांकानुसार मोजणी, खराब झालेला प्रत्येक स्टिकर क्रमांकासह नोंदवून दोघांसमोर नष्ट. गर्दी होती म्हणून मोजणी उद्या, असं कधीही होऊ देऊ नका. चोरी होते ती अशाच उद्यावर. स्थानिक कर्मचारी तिथे १५-२० वर्षं असतात, त्यांना बनावट दाखल्याचा कागद हाताला कळतो. त्यांच्याकडून मनापासून शिका. पण निर्णय आणि पासवर्ड त्यांच्याकडे देऊ नका, कारण नाही म्हणण्याचं ओझं त्यांच्यावर टाकलं तर बाहेरचे दलाल त्यांच्याच घरी पोहोचतात.

पहिल्या आठवड्यात, काहीही घडण्याआधी, चार जागी स्वतः जाऊन या : मुख्य तुरुंगाचं कार्यालय, शवागार, मोठं सरकारी रुग्णालय आणि विमानतळाचा कार्गो विभाग. तिथल्या कारकुनाचं नाव, थेट नंबर आणि कामाच्या वेळा लिहून ठेवा. मध्यरात्री फोन वाजतो तेव्हा कराराच्या कलमांइतकीच ही पानंही लागतात.

आणि चुकलात तर? चुकीचं साक्षांकन झालं असेल तर त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा, नोंदवहीत मूळ नोंद न खोडता खाली दुरुस्तीची नोंद करा, आणि कागद ज्या कार्यालयात जायचा आहे तिथे क्रमांकासह रद्द केल्याचं पत्र पाठवा. चुकीचा पासपोर्ट गेला तर यंत्रणेत लगेच रद्द करा आणि माणसाला विमानतळावर पोहोचण्याआधी गाठा. पहिल्या दिवशी सांगितलेली चूक बहुतेक वेळा एका पत्रानं सुधारते. तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या कोणाला सापडली, तर तोवर त्या कागदावर घर विकलं गेलेलं असतं.